मोठं स्टोअर येतं तेव्हा हिशेब कुठून सुरू करायचा

प्रश्न असा आहे: एखाद्या भागात बिग बॉक्स स्टोअर आलं की तिथल्या अर्थव्यवस्थेचं भलं होतं की वाटोळं? एक बाजू म्हणते रोजगार वाढतो आणि स्वस्ताई येते, दुसरी म्हणते बाजारपेठ ओस पडते. दोघांकडेही अभ्यास आहेत, आकडे आहेत. मग खरं कुणाचं?

दुकानांचे हिशेब तपासणं आणि नव्या स्टोअरला परवानगी देण्याआधी त्याच्या परिणामांचा अहवाल तयार करणं, हे काम मी बावीस वर्षं करतोय. या काळात स्टोअर आल्यावर सावरलेल्या बाजारपेठा पाहिल्या आणि कोलमडलेल्याही पाहिल्या. फरक बहुतेक वेळा स्टोअरच्या आकाराने पडला नाही. ते कोणत्या जागेवर आलं आणि परवानगीच्या कागदावर कोणत्या अटी होत्या, यानं पडला. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात रॉजर्स इथं सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, कारफूर या फ्रेंच कंपनीनं पॅरिसजवळ सेंत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा इथं हायपरमार्केट उघडलं. एक मजली प्रचंड शेड, भोवती पार्किंग, गावाबाहेरची स्वस्त जमीन आणि एकाच छपराखाली सगळा माल, हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. आजचं वॉलमार्ट सुपरसेंटर साधारण पावणेदोन लाख चौरस फुटांचं असतं आणि त्यात तीनशेच्या आसपास माणसं काम करतात. तीनशे नोकऱ्या हा आकडा कोणत्याही लोकप्रतिनिधीला भुरळ घालतो, ते स्वाभाविकच आहे.

या विषयावर शिस्तीत काम केलं ते आयोवा स्टेट विद्यापीठातल्या केनेथ स्टोन यांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आयोवातल्या लहान गावांची विक्रीकराची आकडेवारी वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचा निष्कर्ष आजही माझ्या कामाचा पाया आहे. लोकसंख्या आणि लोकांची मिळकत तीच असेल तर एकूण खरेदीही जवळपास तेवढीच राहते. नवं स्टोअर नवा पैसा जन्माला घालत नाही, असलेला पैसा आपल्याकडे ओढतं. त्यामुळे ज्या गावात स्टोअर आलं तिथली एकूण विक्री वाढलेली दिसते, पण ती वाढ आसपासच्या छोट्या गावांच्या गल्ल्यातून आलेली असते. ज्या गावाला ना परवानगी विचारली, ना कराचा एक पैसा मिळाला, त्याच गावाची बाजारपेठ सगळ्यात आधी सुकते. परिणामाचा अहवाल एका नगरपालिकेच्या हद्दीत संपतो आणि नुकसान हद्दीपलीकडे होतं, ही या विषयातली सगळ्यात मोठी फट आहे.

स्टोन यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती दुकानदारांसाठी मोलाची. स्टोअर जे विकतं तेच विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं. स्टोअर जे विकत नाही ते विकणाऱ्याला मात्र वाढलेल्या वर्दळीचा फायदा होतो. त्यांच्या आकड्यांत खाण्याची ठिकाणं आणि घरसामानाची दुकानं अशा गावांत तग धरून होती, काही वाढलीही. कपडे आणि हार्डवेअरवाल्यांना फटका बसला. ‘छोटी दुकानं मरतात’ हे सरसकट विधान म्हणूनच मला पटत नाही. कोणतं दुकान, फळीवर काय आणि स्टोअरपासून किती लांब, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता दुकान मरतं म्हणजे नेमकं काय होतं ते जवळून पाहू. लोकांची समजूत अशी असते की सगळं गिऱ्हाईक गेलं की दुकान बंद पडतं. तसं होत नाही. समजा एका दुकानाची विक्री १०० आहे. त्यातले ७२ मालाच्या खरेदीचे. उरलेल्या २८ मधून भाडं, पगार, वीज, विमा, कर्जाचा हप्ता असे २२ जातात. मालकाच्या हातात ६ पडतात. आता विक्री १५ नं घटली. ८५ च्या विक्रीवर मार्जिन मिळतं २३.८. भाडं आणि हप्ता तर कमी होत नाही, म्हणजे खर्च तोच, २२. हातात उरले १.८. गिऱ्हाइकांपैकी शंभरातले पंच्याऐंशी अजून येतायत, दुकान बाहेरून भरलेलं दिसतंय, आणि मालकाची कमाई सत्तर टक्क्यांनी गेलेली आहे. विक्री ७८ वर आली की खर्चही निघत नाही. दुकान बुडवायला अर्धं गिऱ्हाईक तोडावं लागत नाही, पाचवा हिस्सा पुरतो.

ही घसरण मला खतावणीआधी फळीवर दिसते. आधी माल फळीच्या पुढच्या कडेला ओढून ठेवलेला असतो, मागे पोकळी. म्हणजे फळी भरलेली दिसावी, पण भांडवल कमी अडकावं. मग आठवड्याला येणारी पुरवठादाराची गाडी पंधरवड्याला येऊ लागते. तिसऱ्या पायरीला घाऊक व्यापारी उधारीची मुदत कमी करतो, कारण त्यालाही सुगावा लागलेला असतो. उधारी आखडली की मालाचे प्रकार घटतात, आणि ‘तिकडे हवं ते मिळत नाही’ म्हणून उरलेलं गिऱ्हाईकही स्टोअरकडे वळतं. पहिली पायरी ते कुलूप हा प्रवास मी दीड ते तीन वर्षांत होताना पाहिलाय. म्हणून उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी ‘बघा, एकही दुकान बंद पडलं नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा मी त्या वाक्याला काडीचीही किंमत देत नाही. सहा महिन्यांत फक्त फळी पुढे ओढलेली असते.

नोकऱ्यांच्या आकड्यांकडे येऊ. इथे दोन अभ्यास नेहमी एकमेकांसमोर उभे केले जातात. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासात, वॉलमार्ट आल्याच्या वर्षी त्या काउंटीत (काउंटी म्हणजे अमेरिकेतला आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किरकोळ विक्रीतल्या सुमारे १०० नोकऱ्या वाढतात, पुढच्या पाच वर्षांत इतर दुकानं बंद पडून किंवा आक्रसून त्यातल्या निम्म्या जातात आणि साधारण ५० शिल्लक राहतात. घाऊक व्यापारातल्या सुमारे २० नोकऱ्या कमी होतात त्या वेगळ्या, कारण वॉलमार्टची स्वतःची गोदामं आणि मालवाहतूक असते. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उलट चित्र मांडलं: काउंटीतल्या किरकोळ नोकऱ्या सुमारे १५० नं घटतात, म्हणजे वॉलमार्टमधला एक कामगार सरासरी १.४ कामगारांची जागा घेतो.

दोघंही प्रामाणिक अभ्यासक आहेत. अडचण मोजण्यात आहे. कंपनी स्टोअर कुठेही टाकत नाही, जिथे वाढ होणार असं दिसतं तिथे टाकते. मग नंतर दिसलेली वाढ स्टोअरमुळे झाली की ती होणारच होती? बास्कर यांनी ही गाठ सोडवायला स्टोअर उघडण्याच्या नियोजित तारखांचा आधार घेतला, न्यूमार्क यांनी कंपनीच्या बेंटनव्हिल मुख्यालयापासूनच्या अंतराचा. मला अलीकडची जस्टिन विल्टशायर यांची पद्धत जास्त पटते. सुपरसेंटर आलेल्या काउंट्यांची तुलना त्यांनी अशा काउंट्यांशी केली, जिथे कंपनीला सुपरसेंटर हवं होतं पण स्थानिक विरोधामुळे होऊ शकलं नाही. कंपनीच्या नजरेत दोन्ही जागा सारख्याच योग्य होत्या, म्हणून ही तुलना रास्त. त्यांना सुपरसेंटर आलेल्या ठिकाणी रोजगार आणि कमाई दोन्ही खाली गेलेली आढळली. कारणही त्यांनी मांडलं: परिसरात काम देणारा एकच मोठा मालक उरला की पगार ठरवण्याची ताकद त्याच्या हातात जाते.

बास्कर यांचा आकडा धरला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. जाहिरातीत तीनशे नोकऱ्या असतात, पाच वर्षांनी हिशेबात पन्नास उरतात. परिणामाच्या अहवालात ‘निर्माण होणाऱ्या नोकऱ्या’ असा रकाना असेल आणि त्याच्या शेजारी ‘जाणाऱ्या नोकऱ्या’ हा रकाना नसेल, तर तो अहवाल परत पाठवावा.

स्वस्ताईबद्दल मात्र विरोधकांनी मनाचा मोठेपणा दाखवायला हवा. ती खरी आहे. जेरी हाउसमन आणि एफ्राइम लायबटॅग यांना सुपरसेंटरमधल्या खाद्यपदार्थांच्या किमती इतर किराणा दुकानांपेक्षा १५ ते २५ टक्के कमी आढळल्या. शिवाय स्टोअर आलं की भोवतालच्या दुकानांनाही भाव उतरवावे लागतात, म्हणजे स्टोअरमध्ये पाऊल न ठेवणाऱ्यालाही फायदा होतो. ज्या घराची निम्मी मिळकत रोजच्या गरजांवर जाते त्या घरासाठी ही किरकोळ बाब नव्हे. परदेशी सुपरमार्केट मेक्सिकोत आल्यावर काय झालं याचा डेव्हिड ॲटकिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर सांगतो की सरासरी कुटुंबाचा फायदा त्याच्या मिळकतीच्या सुमारे ६ टक्के होता. त्याच अभ्यासात पारंपरिक दुकानांत राबणाऱ्यांची कमाई घटलेली दिसते आणि गरिबांपेक्षा सधन घरांना जास्त लाभ झालेला दिसतो. फायदा सगळ्यांमध्ये थोडाथोडा वाटला जातो आणि नुकसान मोजक्या घरांवर एकदम कोसळतं. मतदानात पहिली बाजू जिंकते. दुसऱ्या बाजूचं काय करायचं हा प्रश्न मागे राहतो, आणि माझं मन तिथेच अडकतं.

पैसा गावात फिरतो की बाहेर जातो, यावर फार बोललं जातं आणि बरंचसं ढोबळ बोललं जातं. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागाचा २००४ चा सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध आहे: स्थानिक दुकानात खर्च केलेल्या १०० डॉलरपैकी ६८ शहरात राहतात, साखळी दुकानातल्या १०० पैकी ४३. दिशा बरोबर आहे, पण हे आकडे उचलून दुसऱ्या गावाला चिकटवू नका. मालाची खरेदी दोघांचीही बहुधा बाहेरूनच असते, तिथे फारसा फरक नाही. फरक पडतो तो इतर सेवांत. स्थानिक दुकानाचा हिशेब गावातला कुणीतरी लिहितो, पाटी गावातला रंगारी रंगवतो, पावतीपुस्तक गावातला छापखाना छापतो, करारनामा गावातला वकील करतो, बचत गावातल्या बँकेत राहते. साखळी स्टोअरची ही सगळी कामं मुख्यालयात होतात. दहा दुकानं बंद पडली की एका हिशेबनिसाचं घर बसतं, आणि त्याचं नाव कोणत्याही अहवालात येत नाही.

समाजजीवनाचं मोजमाप आणखी कठीण. स्टीफन गेट्झ आणि अनिल रूपसिंघा यांना २००६ मध्ये वॉलमार्ट असलेल्या काउंट्यांत स्वयंसेवी संस्था आणि मतदान यांसारख्या गोष्टी कमजोर पडलेल्या दिसल्या. काही वर्षांत दुसऱ्या अभ्यासकांनी तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं तपासला आणि त्यांना असा परिणाम सापडला नाही. म्हणून या मुद्द्यावर मी कागदोपत्री दावा करत नाही. पण कार्यक्रमाची वर्गणी कोण देतं, नव्यानं आलेल्या घराला कोणत्या दुकानात आधी ओळख मिळते, अडचणीतल्या माणसाला महिनाअखेरपर्यंत उधार कोण देतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्टोअरच्या व्यवस्थापकाला मनातून वाटलं तरी उधार देण्याचा अधिकार त्याला नसतो.

आता जमीन आणि कर. नगरपालिका स्टोअरवर भाळते ती विक्रीकरापायी. पण जमिनीच्या हिशेबानं पाहिलं तर चित्र पालटतं. उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहरात जो मिनिकोझी यांनी एकरी हिशेब मांडला. शहराबाहेरचं ३४ एकरांवरचं वॉलमार्ट एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर देत होतं. शहराच्या मध्यातली, जेमतेम पाव एकरही न व्यापणारी, खाली दुकानं आणि वर घरं असलेली एक जुनी इमारत एकरी सुमारे ६,३४,००० डॉलर. एवढ्या मोठ्या स्टोअरपर्यंत रस्ता, पाणी, गटार, दिवे न्यायचे आणि पार्किंगवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याची सोय करायची, हा खर्च पुन्हा पालिकेच्याच माथी.

शिवाय मालमत्ता करासाठी धरायच्या मूल्याची लढाई असते. अमेरिकेत तिला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. चालू स्टोअरचं मूल्य बंद, रिकाम्या स्टोअरच्या विक्रीच्या भावानं धरा आणि कर कमी करा, असा कंपन्यांचा युक्तिवाद. ही रिकामी स्टोअर स्वस्तात विकली जातात याचं एक कारण कंपन्यांनीच घातलेलं असतं. विकताना खरेदीखतात अट असते की या जागेत अमुक वर्षं स्पर्धक दुकान काढायचं नाही. मिशिगनमधल्या एस्कनाबा शहराचा मेनार्ड्स या घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या साखळी कंपनीशी असाच वाद झाला. कर न्यायाधिकरणानं मूल्य उतरवलं, २०१६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. छोट्या शहराला अशी लढाई वर्षानुवर्षं लढण्याचा खर्च परवडत नाही, हे समोरच्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं.

आणि स्टोअर निघून गेलं तर? उत्तर कॅरोलायनात ओरिएंटल नावाचं सुमारे ९०० वस्तीचं गाव आहे. २०१४ मध्ये तिथे वॉलमार्टचं छोट्या आकाराचं ‘एक्सप्रेस’ दुकान आलं. गावातलं अनेक दशकांचं किराणा दुकान २०१५ मध्ये बंद पडलं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं जगभरातली २६९ दुकानं बंद करायची घोषणा केली, त्यात एक्सप्रेसची सगळी दुकानं होती. ओरिएंटलमध्ये किराणा घ्यायला जागाच उरली नाही. कंपनीच्या दृष्टीनं तो एक फसलेला प्रयोग होता आणि तिनं तो आवरता घेतला. गावाला मात्र जुनं दुकान परत मिळालं नाही. जी माणसं दुकान चालवायची त्यांचं भांडवल, पुरवठादारांशी असलेले संबंध आणि उमेद तोवर संपलेली असते. कोणत्याही अहवालात मी हे प्रकरण आधी मांडतो, कारण येण्याचा परिणाम सगळे मोजतात, जाण्याचा कुणी मोजत नाही.

मग बंदी घालावी का? इथे अनुभव डोळे उघडणारा आहे. फ्रान्सनं १९७३ मध्ये कायदा करून मोठ्या गावांत १,५०० चौरस मीटरवरच्या दुकानांना खास परवानगी सक्तीची केली आणि १९९६ मध्ये ती मर्यादा ३०० वर आणली. मारियान बर्ट्रांड आणि फ्रान्सिस क्रामार्झ यांना असं दिसलं की जिथे परवानग्या जास्त नाकारल्या गेल्या तिथे किरकोळ क्षेत्रातला रोजगार कमी वाढला आणि आधीच असलेल्या साखळ्यांची पकड घट्ट झाली. ब्रिटननं १९९६ मध्ये ‘आधी शहराचा मध्य’ हे धोरण कडक केलं. राफाएला सादून यांच्या अभ्यासात त्याचा अनपेक्षित परिणाम दिसला. बाहेर मोठं स्टोअर काढता येत नाही म्हटल्यावर साखळ्यांनी छोटी दुकानं थेट मुख्य रस्त्यावर काढली आणि स्वतंत्र दुकानदारांना ती जास्त जवळून भिडली. दुकान वाचवायचं म्हणून घातलेली बंदी दुकानदाराच्या शेजारीच स्पर्धक आणून बसवू शकते.

जर्मनीची पद्धत मला जास्त व्यवहारी वाटते. तिथल्या बांधकाम नियमांत १,२०० चौरस मीटरपेक्षा मोठं किरकोळ दुकान असेल तर त्याचे परिसरावर परिणाम होतील असं गृहीत धरलं जातं, आणि ते शहराच्या मध्यवर्ती भागात किंवा त्यासाठी खास राखलेल्या क्षेत्रातच बसतं. म्हणजे परिणाम होणार नाही हे अर्जदारानं दाखवायचं, होणार हे सिद्ध करायचा भार दुकानदारांवर नाही. माझ्या लेखी हा एवढा बदलही खूप मोठा आहे.

तुमच्यासमोर असा अर्ज आला तर परवानगीआधी काय मागाल? अहवाल कंपनीच्या पैशानं पण सल्लागार पालिकेनं निवडलेला. व्यापारक्षेत्र पालिकेच्या हद्दीवर न थांबता, गाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरात येणारी सगळी गावं धरून. कोणत्या वर्गातल्या दुकानांची किती विक्री वळणार याचा अंदाज, वर्गवार. मुख्य रस्त्याशी जोडलेली जागा आधी तपासल्याचा पुरावा. करसवलत द्यायचीच असेल तर ती दरवर्षी प्रत्यक्ष नोकऱ्या मोजून, आणि मोजताना पूर्णवेळ व अर्धवेळ वेगळे. उद्घाटनानंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी फेरतपासणी, तीही भोवतालच्या गावांसकट.

आणि स्टोअर बंद होण्याबद्दलची कलमं, जी सगळ्यात शेवटी आठवतात: बंद झाल्यावर जागेच्या वापरावर स्पर्धाबंदीची अट घालता येणार नाही. ठरावीक महिन्यांत नवा वापर मिळाला नाही तर इमारत पाडून जमीन साफ करण्याची रक्कम आधीच ठेव म्हणून जमा. बंद करण्याची सूचना किमान काही महिने आधी. मी ज्या कंपन्यांशी बोलणी केली त्यांनी या कलमांवर कुरकुर केली, एकीनं तर बैठक सोडली. तीन आठवड्यांनी त्याच कंपनीचा माणूस परत आला आणि ठेवीची रक्कम हप्त्यानं भरू का, एवढंच विचारलं. जागा त्यांना हवी होती.